पोलिसांनी चौकशीला नेलेला माणूस दगावला तर : सीमाभागातल्या घरच्यांनी काय करायचं

माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी. माती उरकलेली असते, घरात पाहुणे बसलेले असतात आणि त्यातलाच कुणीतरी म्हणतो, ‘एकदा वकिलाला तरी विचारून बघा की.’ तोवर पंचनामा झालेला असतो, त्यावर थोरल्या भावाची सही असते, शवविच्छेदन झालेलं असतं आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं मशीन नेमकं त्याच रात्री बिघडलेलं असतं. मी बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो, गाव खानापूर तालुक्यातलं. वकील गाठेपर्यंतच्या दोन दिवसांत घरच्यांनी काय करायचं आणि पुढे पोलिसांवर नक्की कुठला गुन्हा उभा राहू शकतो, एवढ्यापुरतंच हे लिखाण आहे.

आधी एक पक्कं करून घ्या. असा खटला दोन गोष्टींवर उभा राहतो. माणूस त्यांच्या ताब्यात होता, ही एक. आणि आत जाताना धड होता, बाहेर आला तेव्हा नव्हता, ही दुसरी. प्रत्यक्ष मारताना बघितलेला साक्षीदार जवळपास कधीच मिळत नाही, कारण बघणारेही खाकीतलेच असतात आणि ते एकमेकांविरुद्ध तोंड उघडत नाहीत. हे सर्वोच्च न्यायालयानेच १९९५ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय. म्हणून ‘कुणी मारलं’ याच्या मागे पहिल्याच दिवशी धावू नका. त्या दोन गोष्टींचा कागद करा, तोही पोलिसांचा कागद तयार व्हायच्या आत.

नेलं त्याच रात्री

‘जरा चौकशी आहे, तासाभरात सोडतो’ असं म्हणून नेतात. अटक दाखवलेली नसते, त्यामुळे ठाण्याच्या दप्तरात तुमचा माणूस तिथे नसतोच. पुढे काही बरंवाईट झालं तर ‘तो स्वतः आला होता, गेला, वाटेत पडला’ म्हणायला जागा राहते. अटकेचा कागद नसला म्हणजे ताबा नव्हता असं होत नाही. माणसाला उठून निघून जायची मोकळीक नव्हती एवढं दिसलं तरी तो ताबाच. पण ते दिसायला हवं.

पहिलं काम, ११२ ला फोन. ‘अमक्याला अमक्या गाडीतून नेलंय, कुठल्या ठाण्यात आहे सांगा.’ उत्तर मिळो न मिळो, फोनची वेळ सरकारी यंत्रात नोंदली जाते. मग तोच मजकूर जिल्ह्याच्या एसपींना, बेळगाव शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना, ई-मेलने आणि व्हॉट्सॲपवर. दोन ओळी पुरतात : नाव, वय, किती वाजता, कुठून, कोण आलं होतं, गाडीचा नंबर, आणि ‘नेताना अंगावर कसलीही जखम नव्हती’. शेवटचं वाक्य विसरू नका.

आता ठाण्यात जा. एकट्याने नको, आणि दहा जणांनीही नको. आमच्याकडे पद्धत आहे, आत माणूस असला की घरची बाई डबा घेऊन जाते. तो डबा पुरावा आहे. कुणी घेतला, किती वाजता, रिकामा परत दिला की तसाच, हे लिहून ठेवा. ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा प्यालात तर पैसे फोनवरून द्या. तुम्ही रात्री साडेअकरा वाजता तिथे होता हे त्या दहा-वीस रुपयांच्या नोंदीवरून सिद्ध होतं. उलटतपासणीत तारीख-वेळ चुकणारे साक्षीदार मी कितीतरी बघितलेत, पण अशी नोंद वेळ चुकवत नाही. समोरच्या दुकानाच्या, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात ती गाडी आली असेल तर मालकाला त्याच दिवशी विनंती करा, कारण खासगी कॅमेऱ्यांतलं चित्रण थोड्याच दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं.

कायदा काय म्हणतो तेही तोंडपाठ ठेवा, ठाण्यात उपयोगी पडतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७, अटकेचं कारण सांगायचं. कलम ४८, घरच्यांना कळवायचं. कलम ३८, चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क. कलम ५३, अटक झाली की वैद्यकीय तपासणी. कलम ५८, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर. शिवाय डी. के. बसू खटल्यातले १९९६ चे आदेश आहेत : अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद आणि कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी. साठ वर्षांवरच्या माणसाला किंवा बाईमाणसाला साक्षीसाठी म्हणून ठाण्यात बोलावताच येत नाही, घरी येऊनच विचारायचं असतं (कलम १७९). हे तुम्ही शांतपणे म्हणून दाखवलंत तर निम्म्या वेळा आवाजाची पट्टी बदलते. उरलेल्या निम्म्या वेळा वकील आणा.

चोवीस तास उलटले, कोर्टात हजर केलं नाही आणि ठाणं ‘आमच्याकडे नाही’ म्हणतंय, तर धारवाडच्या खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणूस कोर्टापुढे हजर करा’ अशी याचिका. बेळगाव आणि कारवार दोन्ही धारवाडच्या हद्दीत येतात. भालकी-बसवकल्याणकडच्यांना गुलबर्ग्याचं खंडपीठ. खर्च झेपत नसेल तर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न कोणी विचारत नाही.

निरोप येतो तेव्हा

निरोप कधीच ‘मेला’ असा येत नाही. ‘तब्येत बिघडलीय, बीम्सला या,’ असा येतो, म्हणजे बेळगावच्या सरकारी रुग्णालयात. धावत जाल तेव्हा सगळे शवागाराकडे वळतात. तुमच्यातल्या एकाने, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे त्याने, तातडीच्या विभागात जायचं. तिथे एम.एल.सी. रजिस्टर असतं, म्हणजे पोलीस प्रकरणातल्या रुग्णांची नोंदवही. रुग्ण किती वाजता आणला, कोणी आणला, आणला तेव्हा जिवंत होता का आणि आणणाऱ्याने काय सांगितलं, हे ड्युटीवरच्या डॉक्टरने त्यात लिहिलेलं असतं. ती एक ओळ सोन्याची आहे. नंतर पोलीस ‘छातीत कळ आली’ म्हणतात आणि रजिस्टरमध्ये त्यांच्याच शिपायाने ‘जिन्यावरून पडला’ सांगितलेलं असतं. ओळ वाचून घ्या, डॉक्टरचं नाव टिपा, प्रतीसाठी अर्ज द्या. फोटो काढू दिला तर उत्तम, नाही दिला तर भांडू नका.

मग पंचनामा. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी पोलिसांनी स्वतःच करून मोकळं व्हायचं नसतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ (२) प्रमाणे पोलीस तपासाबरोबर मॅजिस्ट्रेटची वेगळी चौकशी व्हायलाच हवी. जुन्या कायद्यात ही तरतूद २००६ पासून होती. पोटकलम (५) प्रमाणे मॅजिस्ट्रेटने शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवायचं असतं आणि चौकशीला हजर राहू द्यायचं असतं. तेव्हा शवागारापाशी तुमचं मागणं एकच असू दे : मॅजिस्ट्रेट आल्याशिवाय पंचनाम्यावर आम्ही सही करणार नाही. आरडाओरडा नको, लेखी द्या. कर्नाटकात अनैसर्गिक मृत्यूची साधी नोंद यू.डी.आर. म्हणून होते, कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना तीच ए.डी. म्हणून माहीत असते. त्या नोंदीला गुन्हा समजून घरी जाऊ नका. ती फक्त ‘मृत्यू संशयास्पद आहे’ एवढंच सांगते, आरोपी कुणीही नसतो.

आणि सहीचं. कागद कन्नडमध्ये असतो. आमच्या भागात बोलता सगळ्यांना येतं, वाचता येतं असं नाही, आणि पोलिसी हस्ताक्षरातलं कन्नड तर कन्नडवाल्यालाही वाचता येत नाही. ‘हेळिके’ लिहिलेलं दिसलं तर ते तुमचं निवेदन आहे, म्हणजे तुमच्या तोंडी घातलेला मजकूर. त्यात ‘मयताला दारूचं व्यसन होतं, हृदयाचा त्रास होता, आमची कुणावर शंका नाही’ ही वाक्यं बसवलेली असतात. ‘आमची कुणावर शंका नाही’ हे चार शब्द पुढची चार वर्षं खातात. वाचून घेतल्याशिवाय सही नको. सही करावीच लागली तर खाली मराठीत स्वतःच्या हाताने लिहा : ‘मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर मराठीत सांगितला नाही.’ स्वतःची तक्रार मात्र बिनधास्त मराठीत द्या. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. वर एक कन्नड भाषांतर जोडलंत तर काम लवकर होतं, आणि मला विचाराल तर जोडावंच. इथे हट्ट भाषेचा नाही, माणसाचा आहे.

अंगावर काय दिसतं

शवविच्छेदनाआधी घरच्यांना मृतदेह बघू द्यायला सांगा आणि बघताना रडणं बाजूला ठेवणारा एक माणूस आत पाठवा. सगळे चेहरा बघतात. चेहऱ्यावर काही नसतंच, सराईत हात तिथे पडत नाहीत. बघायचे ते तळपाय, पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू, ढुंगण, तळहात, मनगटं, काखा. मनगटाभोवती गोल वळ असेल तर बांधलं होतं. तळपाय सुजून टणक झालेले असतील तर तिथे पट्टा किंवा काठी पडलीय. फोटो काढा, प्रत्येक खुणेशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, एकदा जवळून, एकदा लांबून, म्हणजे जखम किती मोठी आणि शरीरावर कुठे, दोन्ही कळतं.

वळाचा रंगही बघा. ताजा मार लालसर, मग निळा-काळपट, काही दिवसांनी हिरवट आणि शेवटी पिवळा पडत जातो. रंगावरून तास काढता येत नाहीत, पण मोठा फरक कळतो. ‘पकडताना पळाला, आपटला’ असं पोलीस म्हणतात आणि अंगावर काही हिरवट, काही लालभडक वळ आहेत, म्हणजे मार एका दिवसाचा नाही. दुसरं म्हणजे खोल मुका मार कातडीवर लगेच उमटत नाही. एखाद्या दिवसाने तो जास्त स्पष्ट दिसतो. म्हणून डॉक्टरांना लेखी विनंती करा की पाठ, मांड्या, तळपाय इथे कातडी उघडून खालचे थर तपासावेत, व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवावा आणि हृदय सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी पाठवावं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करायला राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ पासून सांगितलंय, ते झालं का विचारा. मयताचे कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंबले जातात, कुजतात. कागदी पिशवीत सीलबंद करून तपासाला द्या म्हणावं.

आता सर्वांत अवघड गोष्ट, आणि ही मी घरच्यांच्या तोंडावर सांगतो म्हणून काही जण मला निष्ठुर म्हणतात. अहवालाबद्दल शंका असेल तर दहन करू नका, पुरा. लिंगायतांत पुरण्याचीच रीत आहे, त्यांना अडचण येत नाही. मराठा घरात ‘हे काय भलतंच’ होतं. पण पुरलेला देह मॅजिस्ट्रेट उकरून पुन्हा तपासायला लावू शकतो, कलम १९६ मध्येच तशी सोय आहे. राख उकरता येत नाही. दुसरं शवविच्छेदन हवं असेल तर उच्च न्यायालयाकडे तातडीने मागा, तोवर देह शवागारात राहू द्या. मृतदेह ठाण्यासमोर आणून बसणं मात्र वेगळं. २०२४ च्या मे महिन्यात दावणगेरे जिल्ह्यातल्या चन्नगिरीत कोठडीतल्या मृत्यूनंतर जमावाने ठाण्यावर दगडफेक केली. दगडफेक झाली की पोलिसांवरच्या चौकशीशेजारी जमावावरचे गुन्हे उभे राहतात, आणि तुमचे साक्षीदारच आरोपी होऊन बसतात.

कुठलं कलम लागतं

घरच्यांना खुनाचं कलम हवं असतं. समजू शकतो. जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ म्हणजे फाशी किंवा जन्मठेप. त्यासाठी मारण्याचा हेतू, किंवा सर्वसाधारणपणे जीव जाईलच एवढी इजा मुद्दाम केल्याचं दाखवावं लागतं. चौकशीत मारणाऱ्याचा बचाव ठरलेला : ‘मला कबुली हवी होती, माणूस मेला तर माझंच नुकसान.’ त्यामुळे बरीच प्रकरणं कलम १०५ वर येतात, सदोष मनुष्यवध. हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत.

पण माझं लक्ष पहिल्यापासून कलम १२० वर असतं, आणि तुमचंही असावं. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी इजा केली तर सात वर्षांपर्यंत, गंभीर इजा केली तर दहापर्यंत. या कलमाखाली कायद्याने स्वतःच उदाहरण दिलंय : पोलीस अधिकारी कबुलीसाठी छळ करतो, तो या कलमाखाली दोषी. जुन्या दंडविधानात हेच ३३० आणि ३३१ होतं. याची ताकद अशी की मृत्यू कशाने झाला हे सिद्ध करायची गरजच नाही, मार आणि मारण्याचं कारण एवढंच दाखवायचं. नागपुरातलं १९९३ चं प्रकरण आहे. कोठडीत माणूस मेला, पोलिसांवरचा खुनाचा आरोप टिकला नाही, पण ३३० टिकलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तीन वर्षांची शिक्षा वाढवून सात केली. तक्रारीत फक्त ‘खून’ लिहिलं आणि ‘चोरीची कबुली दे म्हणून मारत होते’ हे वाक्य राहिलं तर हा दरवाजा तुम्हीच अर्धा लावून घेता. तो काय कबूल करावा म्हणून मारत होते हे कुणी ऐकलं असेल, त्याने फोनवर सांगितलं असेल, ते आधी लिहा.

‘हार्ट अटॅकने गेला’ याला घाबरू नका. न्याय संहितेच्या कलम १०० च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की आधीच आजारी असलेल्या माणसाला इजा करून त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तरी तो मृत्यू इजा करणाऱ्यानेच घडवला असं धरायचं. वेळेवर उपचार मिळाले असते तर वाचला असता, हीसुद्धा सबब चालत नाही. त्याचा आजार घरच्यांनी ठाण्यात आधी सांगितला होता, गोळ्या नेऊन दिल्या होत्या, हे सिद्ध झालं तर मारणाऱ्याची जाणीव आणखी पक्की होते. म्हणून डब्याबरोबर औषधं दिलीत तर चिठ्ठीचा फोटो ठेवा.

‘लॉकअपमध्ये गळफास घेतला’ असं कारण आलं तर दोरी किंवा कपडा कुठला, तो बांधला ती जागा किती उंच, गळ्यावरचा व्रण तिरका वर गेलाय की आडवा गोल, आणि त्या वेळी पहाऱ्यावर कोण, एवढं विचारा. खरंच आत्महत्या असली तरी आधीचा छळ १२० खाली आणि प्रसंगी १०८ खाली, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणं, येतोच.

बाकीची कलमं किरकोळ वाटतात, पण माणसं तिथेच अडकतात. डांबून ठेवून कबुली काढणं १२७ (८). पुरावा नाहीसा करणं २३८. कुणाला वाचवायला सरकारी दप्तरात खोटी नोंद करणं २५६. स्टेशन डायरी लिहिणारा, खोटा दाखला देणारा, मृतदेह हलवणारा, ज्यांनी हात उचलला नाही ते सगळे इथे सापडतात. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत काय झालं ते आपल्या भागात सगळ्यांना आठवत असेल. लूटमारीच्या संशयावरून धरलेल्या दोघांपैकी एक ठाण्यात मेला आणि पोलिसांनी त्याचा मृतदेह आपल्याच बेळगाव-सावंतवाडी रस्त्यावरच्या आंबोलीत नेऊन जाळला, असा आरोप. दप्तरी म्हणणं काय, तर दोघे पळून गेले. फुटलं कारण दुसरा संशयित जिवंत होता. त्यावरून धडा घ्या : त्या रात्री कोठडीत आणखी कोण होतं ते शोधा. मटक्यात, दारूत धरलेला एखादा असतोच. त्याला पैसे देऊ नका, पढवू नका. त्याचं नाव तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब नोंदवायची मागणी करा.

वरचा साहेब? इन्स्पेक्टर ठाण्याचा प्रमुख आहे म्हणून आपोआप गुन्हेगार ठरत नाही. त्याला माहीत होतं, तो तिथे होता, किंवा त्याच्या सांगण्यावरून झालं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी त्याच्या मोबाइलचं लोकेशन आणि सरकारी गाडीची लॉगबुक लागते. दोन्ही जपून ठेवायला तपास यंत्रणेला पहिल्याच आठवड्यात लिहा. निलंबन झालं म्हणून पेढे वाटणारेही मी बघितलेत. निलंबन ही खात्याची घरातली गोष्ट, फौजदारी गुन्ह्याशी तिचा संबंध नाही.

आणि हे फक्त पोलिसांपुरतं नाही. खानापूर-जोयड्याच्या जंगलात वनखातं धरतं, गोव्याची दारू आणताना चोर्ल्याच्या बाजूला अबकारी खातं धरतं. मारलं तर खून, सदोष मनुष्यवध आणि १२० त्यांनाही तसंच लागू.

तक्रार कुठे द्यायची, आणि कुठे अडते

ज्या ठाण्यात मृत्यू झाला तिथेच तक्रार द्यायला कोण जाणार? जायची गरज नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी कुठल्याही ठाण्याला गुन्हा शून्य नंबरने नोंदवून घ्यावा लागतो. घेतला नाही तर एसपींना स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेट. कर्नाटकात कोठडीतल्या मृत्यूचा तपास साधारणपणे सीआयडीकडे जातो. तो गेलाय का आणि तपास अधिकारी कोण, हे लेखी विचारा. कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी, तारीख आणि तास लिहून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ठाण्यांत आत-बाहेर कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने ठेवायला सांगितलंय, तसं यंत्र नसेल तरी वर्षाच्या खाली नाही. ‘डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बिघडलं’ म्हणाले तर कधी बिघडलं आणि दुरुस्तीला कुणाला कळवलं, त्याचा कागद मागा. तो कागद नसणं हाही पुरावाच.

मॅजिस्ट्रेटच्या चौकशीत दोष दिसला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं समजू नका. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत तरुण गेला. चौकशी अहवालात पोलिसांवर ठपका असूनही गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. म्हणून अहवालाची प्रत मिळताच वाट बघू नका.

सीमेवरची खास कटकट हद्दीची. चिकोडी, निपाणी, अथणीकडचा माणूस जास्त झाला की मिरजेला किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेतात. तो तिथे मेला तर नोंद महाराष्ट्रात होते, शवविच्छेदन तिथले डॉक्टर मराठी-इंग्रजीत करतात आणि कागद मग टपालाने कर्नाटकात येतात. खरं सांगायचं तर घरच्यांसाठी हे कधीकधी बरंच असतं, कारण त्या डॉक्टरांवर इथल्या ठाण्याचा वचक नसतो. पण कागद वाटेत महिनोनमहिने झोपतात. १९६ (२) ची चौकशी गुन्हा जिथे घडला तिथल्या मॅजिस्ट्रेटने करायची असते, म्हणजे मार अथणीत बसला तर अथणीच्या. तुम्ही अर्ज दोन्हीकडे द्या आणि एकाची प्रत दुसऱ्याला जोडा.

घरी दोन प्रकारची माणसंही येतात. एक गावचा पुढारी, संध्याकाळी, चप्पल काढून आत बसतो. ‘गेलेला काय परत येणार हाय व्हय? पोरांचं शिक्षण बघा. साहेब बी आपलाच माणूस हाय.’ मग रक्कम सांगतो. ‘मामा, उद्या वकिलाला घेऊन बोलू’ एवढंच म्हणा आणि बॉण्ड पेपरवर काहीही लिहून देऊ नका. खून किंवा सदोष मनुष्यवध मिटवता येत नाही, कागदाचा उपयोग फक्त तुम्हाला कोर्टात खोटं पाडायला होतो. दुसरी माणसं झेंडा घेऊन येतात आणि हे मराठी माणसावर कानडी पोलिसांनी केलं म्हणतात. मी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या घरातलाच आहे, सीमाप्रश्नावर माझं मत बदललेलं नाही, तरी सांगतो, ही लढाई त्या लढाईत मिसळू नका. त्या रात्री काय झालं ते मनाला लागून बसलेला एखादा कन्नड शिपाईच उद्या तुमचा साक्षीदार होऊ शकतो. त्याला आधीच शत्रू करू नका.

भरपाई वेगळी मागता येते, फौजदारी खटला संपायची वाट न बघता. ओरिसातल्या एका आईला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दीड लाख रुपये देववले तेव्हापासून हा रस्ता पक्का आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करायची. मानवी हक्क आयोगाकडे अर्ज फुकट, मराठीतही चालतो, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत. दिल्लीच्या आणि बेंगळुरूच्या आयोगाकडे एकदम पाठवू नका. राज्य आयोगाने हातात घेतलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग चौकशीला घेत नाही, आणि दोन्ही फाइली एकमेकींकडे बोट दाखवत बसतात.

शेवटचा अडसर मंजुरीचा, आणि तो कर्नाटकात दुहेरी आहे. सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी खटला चालवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली सरकारची परवानगी लागते, शिवाय कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ चं कलम १७० आहे. छळ हे कर्तव्य नव्हेच, असं आम्ही म्हणतो, आणि अनेक कोर्टांनी ते मानलंय. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्याच एका प्रकरणात, कोठडीतल्या मारहाणीची खासगी फिर्याद मंजुरी नाही म्हणून रद्द केली. कर्तव्याशी संबंध असेल तर मर्यादा ओलांडली तरी संरक्षण मिळतं, असं म्हटलं. तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा मंजुरीचा अर्ज लवकर टाका आणि वाद समांतर चालू द्या. नव्या कायद्यात सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर २१८ खालची मंजुरी मिळाली असं धरलं जातं. हे दिवस अर्ज सरकारला पोचला त्या तारखेपासून मोजायचे, म्हणून आवक शिक्क्याची प्रत हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.